आचार्य, लिपी आणि यंत्र : ऑनलाइन अभ्यासक्रमाची पूर्वपीठिका

दूरशिक्षणाच्या इतिहासात संस्थांची स्थापना, उपग्रहांचे प्रक्षेपण आणि विद्यार्थिसंख्या यांची नोंद आवर्जून होते. त्या त्या टप्प्यावर अध्यापकाला नव्याने काय शिकावे लागले, हा प्रश्न मात्र सहसा उपस्थित केला जात नाही. मराठीच्या अध्यापकापुरता तो येथे विचारात घ्यावयाचा आहे.

दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षणास प्रारंभ केला, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. समोर नसलेल्या विद्यार्थ्यासाठी स्वयंअध्ययनाचा पाठ लिहिणे, ही या टप्प्यावरील नवी विद्या होती. तिचे साधन लेखणीच होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर सुरू झाला. त्यासाठी पुणे विद्यापीठासह काही ठिकाणी दृक्-श्राव्य निर्मितीची केंद्रे उभी राहिली. तेथे कॅमेरा आणि संकलन तंत्रज्ञांकडे होते. अध्यापकाकडे संहिता आणि वाणी एवढेच राहिले.

ही विभागणी ऑनलाइन अभ्यासक्रमाने मोडीत काढली. ९ जुलै २०१७ रोजी आरंभ झालेल्या 'स्वयम्' या व्यासपीठाने ध्वनिचित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन अशी चार अंगे निश्चित केली. या चारही अंगांचा परस्परमेळ घालण्याचे दायित्व अध्यापकावर आले. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे वर्ग बंद झाले, तेव्हा तंत्रज्ञाचे साहाय्य नसलेल्या असंख्य अध्यापकांना हे सारे घरी बसून, एकट्यानेच शिकावे लागले.

मराठीच्या अध्यापकासमोर तर त्याआधीची एक पायरी होती, ती लिपीची. देवनागरीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ मध्ये प्रमाणित झाला आणि युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तथापि दीर्घकाळ आपला बहुतेक मजकूर अशा फॉन्टांत टंकित होत राहिला, ज्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेले होते. प्रस्तुत लेखकाने अध्यापनाच्या आरंभकाळात संगणकावर उतरविलेली व्याख्यान-टिपणे पुढे ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी उघडली, तेव्हा पडद्यावर केवळ रोमन अक्षरांची रास दिसली. पन्नाशीत कळफलक नव्याने गिरवून ती टिपणे पुन्हा लिहावी लागली. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या दोन शब्दांतील भेद, म्हणजे गुरू आणि स्वयंपाकी यांतील भेद, कोणत्या कळांनी राखावयाचा, हा त्या शिक्षणाचा पहिला धडा होता.

येथे एक आक्षेप संभवतो. अध्यापकाने आशय द्यावा, तंत्र तंत्रज्ञाने सांभाळावे, असे म्हटले जाते. परंतु तंत्राची निवड ही आशयाचीही निवड असते, याचा प्रत्यय मूल्यमापनाच्या अंगात येतो. यंत्राने तपासता येण्याजोगे बहुपर्यायी प्रश्न हाताशी सहज असतात. कवितेच्या अभ्यासक्रमात केवळ त्यांचाच अवलंब झाला, तर कवीचे जन्मवर्ष आणि संग्रहाचे नाव एवढेच परीक्षेस उरते. २००२ मध्ये प्रकाशित झालेल्या 'मूडल' या मुक्त प्रणालीत विद्यार्थ्यांनी परस्परांचे लेखन निकषांनुसार तपासण्याची सोय आहे. रसग्रहणासाठी ती अधिक अनुरूप ठरते. पण ती आहे हे ज्या अध्यापकाला ठाऊक आहे, तोच तिचा आग्रह धरू शकतो. तंत्र न शिकणारा अध्यापक आपल्या विषयाचा निर्णय नकळत दुसऱ्याच्या हाती सोपवितो.

महाराष्ट्राबाहेरील मराठी अध्यासनांच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. येथील वर्गात मोजकेच विद्यार्थी असतात. बडोदे, इंदूर, तंजावर अशा ठिकाणचे मराठी जिज्ञासू विखुरलेले आहेत. त्यांना एका वर्गात आणणारे साधन आज उपलब्ध आहे. त्या वर्गात मराठी कोणत्या स्वरूपात शिकविली जाईल, हे अध्यापकाने ते साधन किती आत्मसात केले आहे यावरच अवलंबून राहील.