पायाखालची जीवगणना



ब्रिटनमध्ये आपल्यापैकी अनेकजण घरामागच्या बागेत मेथी-कोथिंबीर लावतात. गांडूळ दिसले की माती चांगली, असे आपण म्हणतो. पण साऱ्या देशाच्या मातीतले जीव वाढताहेत की घटताहेत, हे कसे कळते? 'कंट्रीसाइड सर्व्हे' या राष्ट्रीय पाहणीची ही थोडक्यात ओळख.

रचना : इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील जमिनीचे हवामान, खडक, उंची यांनुसार वर्ग पाडून प्रत्येक वर्गातून १ चौरस कि.मी.चे तुकडे निवडले आहेत. १९७८ साली अशा २५६ तुकड्यांतून माती घेतली गेली. २००७ मध्ये पाहणी ५९१ तुकड्यांवर पोहोचली. पुन्हा त्याच जागी जाता यावे म्हणून खुणा करून ठेवतात. मात्र तुकडे नेमके कोठे आहेत, हे जाहीर करत नाहीत.

मोजणी : मातीतले जीव प्रथम १९९८ साली मोजले. वरच्या ८ सें.मी. थराचा नमुना नळीत घेतात. प्रयोगशाळेत तो फनेलवर ठेवून वर दिवा लावतात. माती तापून सुकू लागली की जीव खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. मग ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. मोठी गांडुळे एवढ्याशा नमुन्यात नीट सापडत नाहीत.

काय आढळले : २००७ च्या अंदाजानुसार या वरच्या थरात सुमारे १२,८०० लाख कोटी जीव होते! १९९८ पेक्षा संख्या वाढली होती, मुख्यतः माइट या कोळ्यांच्या बारीक भाऊबंदांमुळे. जीवांचे प्रकार मात्र थोडे कमी झाले होते. म्हणजे डोकी वाढली, विविधता नाही. नुसती संख्या पाहिली असती तर आपली फसगत झाली असती. अर्थात दोनच मोजण्यांवरून कायमचा कल ठरवता येत नाही. म्हणूनच पुन्हा पुन्हा त्याच जागी जाणे महत्त्वाचे. याच पाहणीच्या नमुन्यांवरून २०११ साली असेही दिसले की कोठे कोणते जीवाणू राहतात, हे मुख्यतः मातीच्या आम्लतेवर ठरते.

आपल्याकडे नागपूरला १९७६ पासून राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे. मातीची राष्ट्रीय नोंद ही कल्पना आपल्याला नवी नाही.

आपली बाग : तीन चतुर्थांशांहून अधिक बांधकाम असलेले तुकडे या पाहणीत घेत नाहीत. त्यामुळे शहरातल्या आपल्या बहुतेक बागा या गणनेबाहेरच आहेत. तेव्हा आपली नोंद आपणच ठेवूया. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच वाफ्यात २० सें.मी. लांब, रुंद व खोल खड्डा खणावा, गांडुळे मोजून पुन्हा मातीत सोडावीत आणि आकडा वहीत लिहावा. मुलांना मोजायला नक्की आवडेल!