रॅगवर्ट, उडद्या आणि ऑरेगनची कुरणे

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील ऑरेगन राज्यात रॅगवर्ट या युरोपीय तणाची पहिली नोंद १९२२ साली पोर्टलंडमध्ये झाली. पुढील काही दशकांत कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिमेकडील चराऊ कुरणे या पिवळ्या फुलांच्या तणाने व्यापली. त्यातील अल्कलॉइडांमुळे गाई आणि घोड्यांचे यकृत हळूहळू निकामी होते. ताजे रॅगवर्ट जनावरे सहसा टाळतात. मात्र वाळल्यावरही त्याचे विष टिकते, त्यामुळे सुक्या चाऱ्यातून ते त्यांच्या पोटात जाते.

हे झाड बहुधा दोन वर्षे जगते. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा गोल गुच्छ धरतो, दुसऱ्या वर्षी दांडा वर येऊन फुले लागतात. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. त्यामुळे उपटून किंवा फवारून केलेला बंदोबस्त फार काळ टिकत नसे.

म्हणून १९६० मध्ये ऑरेगनमध्ये रॅगवर्ट खाणारा सिनाबार पतंग सोडण्यात आला. त्याच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या उन्हाळ्यात पाने-फुले फस्त करत. पण शरदातील पावसानंतर अनेक झाडे बुडख्यापासून पुन्हा फुटत. १९६६ मध्ये बिया खाणारी एक माशी आणली गेली. १९७१ मध्ये तिसरा कीटक आला: मूळचा इटलीतून आणलेला रॅगवर्टवरील उडद्या. हा भुंगेरा त्याआधी, १९६९ मध्ये, कॅलिफोर्नियातील फोर्ट ब्रॅग येथे सोडलेला होता.

जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा हा भुंगेरा ऐन उन्हाळा निपचित पडून काढतो आणि पाऊस सुरू झाला की अंडी घालतो. अळ्या हिवाळाभर मुळे पोखरतात. पश्चिम ऑरेगनमध्ये हिवाळा पावसाचा आणि उन्हाळा कोरडा असतो. ओलीच्या ज्या दिवसांत बहुवर्षीय गवते जोमाने वाढतात, त्याच दिवसांत रॅगवर्टच्या मुळांवर घाव बसतो. दुबळ्या झालेल्या गुच्छावर गवताची सावली पडते, पाणी व अन्नद्रव्येही गवतच ओढून घेते.

ऑरेगन स्टेट विद्यापीठाचे पीटर मॅकएव्हॉय आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात कॅस्केड हेड या किनारी कुरणात याची पारख केली. तुकडे पाडून जमीन खणली. काही तुकड्यांत गवत राखले, काहींत छाटले, काहींतून काढून टाकले. शिवाय पतंग आणि उडद्या यांना काही ठिकाणी मोकळीक, तर काही ठिकाणी मज्जाव केला. खणलेल्या उघड्या जमिनीत पडून राहिलेल्या बियांतून रॅगवर्ट उगवले. ते पुढे आटोक्यात ठेवण्याचे मुख्य काम उडद्या आणि गवताची चढाओढ यांनी केले. पतंगाचा वाटा मुख्यतः बी घटवण्याचा होता.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पश्चिम ऑरेगनमधील रॅगवर्ट नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. याच कार्यक्रमाची एक उणी बाजूही दिसली: सिनाबारच्या अळ्या डोंगराळ भागातील रॅगवर्टच्या नात्यातील सेनेसिओ या वनस्पतीच्या एका स्थानिक जातीवरही चरू लागल्या. मातीतले बी मात्र संपले नव्हते. गुरांची अतिचराई, नांगरट किंवा खणाखणी यांमुळे जमीन उघडी पडली की ते पुन्हा उगवते. त्यामुळे कीटक सोडल्यानंतरही कुरणातील गवताचे दाट आच्छादन राखणे हा या नियंत्रणाचा आवश्यक भाग ठरला.