व्हिएन्नापूर्वीचे वर्ष : १८७३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी जपानची सिद्धता

जागतिक प्रदर्शनांचा इतिहास बहुधा उद्घाटनाच्या दिवसापासून सांगितला जातो. १८५१ मधील लंडनचा स्फटिकमहाल किंवा १८८९ मधील पॅरिसचा आयफेल मनोरा यांसारख्या वास्तू, प्रेक्षकांची संख्या आणि वाटली गेलेली पदके हे त्या इतिहासाचे नेहमीचे विषय होत. दालनाचा दरवाजा उघडण्यापूर्वी सहभागी देशात काय घडत होते, याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. वस्तू निवडावयाच्या तर आपल्याकडे काय आहे याची मोजदाद करावी लागते. त्या मांडावयाच्या तर त्यांना नावे द्यावी लागतात. आणि मुळात ‘देशाच्या वतीने’ वस्तू पाठवावयाच्या तर देशाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनासाठी जपानने केलेल्या तयारीचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. ही तयारी म्हणजे प्रदर्शनाचा केवळ पूर्वरंग नव्हता. नव्या जपानी राज्यसंस्थेच्या घडणीचाच तो एक भाग होता, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. अखेरीस मुंबईतील एका समांतर घटनेशी तिची थोडक्यात तुलना केली आहे.

पॅरिसचा धडा

१८६२ च्या लंडन प्रदर्शनात जपानी वस्तू होत्या. परंतु त्या जपानने पाठविलेल्या नव्हत्या. ब्रिटनचे जपानमधील राजदूत रदरफोर्ड अल्कॉक यांनी स्वतः जमविलेला तो संग्रह होता. प्रदर्शनाच्या वेळी लंडनमध्ये असलेल्या जपानी शिष्टमंडळाला आपल्या देशाचे दर्शन एका परदेशी अधिकाऱ्याच्या निवडीतून घडले.

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात जपान प्रथमच स्वतःहून उतरला, आणि तेथे निराळाच पेच उभा राहिला. तोकुगावा शोगुनाच्या राजवटीने शोगुनाचा धाकटा भाऊ आकिताके याच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पाठविले. परंतु सात्सुमा आणि सागा या सरंजामी संस्थानांनीही आपापल्या वस्तू पाठविल्या होत्या. सात्सुमाने तर र्युक्यू बेटांच्या नावाचा आधार घेऊन आपण जणू स्वतंत्र सत्ता आहोत अशा थाटात मांडणी केली आणि स्वतःची पदकेही वाटली. जपान हे एक राज्य आहे की अनेक संस्थानांचा समूह, हा प्रश्न युरोपीय प्रेक्षकांपुढे उघडा पडला. पुढील काही महिन्यांतच शोगुनाची सत्ता संपुष्टात आली. सागा संस्थानाच्या पथकाचे प्रमुख म्हणून सानो त्सुनेतामी हे त्या वेळी पॅरिसमध्ये होते. सहा वर्षांनी व्हिएन्नाची जबाबदारी प्रामुख्याने त्यांच्यावरच यावी, ही गोष्ट लक्षणीय आहे.

कचेरी आणि तिची उद्दिष्टे

ऑस्ट्रिया-हंगेरीशी जपानचा तह १८६९ मध्ये झाला. त्या काळच्या अन्य तहांप्रमाणे तोही विषम होता. आयात मालावरील जकात स्वतः ठरविण्याचा अधिकार जपानला नव्हता. व्हिएन्नाचे निमंत्रण १८७१ मध्ये आले. त्याच वर्षी संस्थाने खालसा करून त्यांच्या जागी प्रांत निर्माण करण्यात आले होते. १८७२ च्या प्रारंभी प्रदर्शनासाठी स्वतंत्र कचेरी स्थापन झाली. ओकुमा शिगेनोबु तिचे अध्यक्ष आणि सानो उपाध्यक्ष होते. गॉटफ्रीड वागनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची सल्लागार म्हणून नेमणूक झाली.

सानो यांनी सरकारपुढे पाच उद्दिष्टे ठेवली. जपानची उत्तम नैसर्गिक व कारागिरीची उत्पादने दाखवून देशाचा लौकिक वाढविणे, हे पहिले. पाश्चात्त्य देशांतील उत्पादने आणि तंत्रे यांचा अभ्यास करून ती मायदेशी आणणे, हे दुसरे. या निमित्ताने देशात संग्रहालय उभारून तेथेही प्रदर्शने भरविण्याचा पाया घालणे, हे तिसरे. जपानी माल परदेशांत नित्य वापरात येईल आणि निर्यात वाढेल अशी व्यवस्था करणे, हे चौथे. आणि निरनिराळ्या देशांतील मालाच्या किमती व मागणी जाणून घेऊन पुढील व्यापारास उपयोगी पडेल अशी माहिती गोळा करणे, हे पाचवे. या पाचांपैकी केवळ पहिले उद्दिष्ट ‘दाखविण्या’शी संबंधित आहे. उरलेली चार शिकणे, साठविणे आणि विकणे यांच्याशी निगडित आहेत. प्रदर्शन हे प्रेक्षकांसाठी असते हा समज येथे पूर्णपणे उलटविलेला दिसतो.

मोजदाद आणि नामकरण

प्रांतांकडून वस्तू मागविताना कचेरीने प्रत्येक प्रकारचे दोन नमुने मागितले : एक व्हिएन्नासाठी आणि दुसरा देशात ठेवण्यासाठी. नव्यानेच अस्तित्वात आलेल्या प्रांतिक प्रशासनाला आपल्या हद्दीत काय पिकते, काय घडते आणि कोण घडविते याची नोंद करणे त्यामुळे भाग पडले. वर्षभरापूर्वीपर्यंत परस्परांना परके असलेल्या मुलखांतील माती, लाख, रेशीम व कागद एकाच यादीत आले.

या कामाला एक निकडीची पार्श्वभूमीही होती. राज्यक्रांतीनंतर बौद्ध मठ-मंदिरांवर आघात झाले होते, जुन्या वस्तू कवडीमोलाने विकल्या जात होत्या. म्हणूनच १८७१ मध्ये पुरातन वस्तूंच्या जतनाचा हुकूम निघाला होता. १८७२ मध्ये माचिदा हिसानारी, निनागावा नोरिताने प्रभृतींनी क्योतो-नारा परिसरातील देवस्थाने आणि शोसोइन हे प्राचीन भांडार यांची पाहणी केली. योकोयामा मात्सुसाबुरो यांनी छायाचित्रे घेतली. जतनाचा हेतू आणि व्हिएन्नाची निवड ही दोन्ही कामे या पाहणीत एकत्र आली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये तोक्योतील युशिमा येथील कन्फ्यूशियस मंदिरात शिक्षण खात्याने प्रदर्शन भरविले. नागोया किल्ल्याच्या छपरावरील सोनेरी मत्स्याकृती पाहण्यासाठी तेथे लोटलेली गर्दी प्रसिद्धच आहे. आजचे तोक्यो राष्ट्रीय संग्रहालय आपला आरंभ याच प्रदर्शनापासून मानते.

वस्तूंबरोबर शब्दही घडवावे लागले. व्हिएन्ना प्रदर्शनाची विभागणी २६ गटांत केलेली होती आणि तिचे जर्मन नियम जपानीत आणावयाचे होते. कलेसाठी आज रूढ असलेला ‘बिजुत्सु’ हा शब्द या भाषांतरात प्रथम योजला गेला. पश्चिमेत संगीत, चित्र, मूर्तिकाम, काव्य इत्यादींना ही संज्ञा आहे, असा खुलासाही त्यास जोडावा लागला. चित्रकार, कुंभार आणि लाखकाम करणारा यांच्या कामांची परंपरागत उतरंड जपानमध्ये निराळी होती. आता ती परक्या वर्गवारीच्या चौकटीत बसवावी लागली. प्रशासकीय सोयीसाठी केलेल्या या भाषांतराने एका संस्कृतीच्या आत्मभानावर दूरगामी परिणाम केला.

काय दाखवावे?

जपानची यंत्रनिर्मिती अद्याप बाल्यावस्थेत होती. युरोपीय यंत्रांची अपुरी अनुकरणे मांडण्यापेक्षा उत्तम हस्तकला आणि नजरेत भरतील अशा भव्य वस्तू पाठवाव्यात, असा वागनर यांचा सल्ला होता. तदनुसार नागोयाची एक सोनेरी मत्स्याकृती, कामाकुराच्या महाबुद्धाची कागदी लगद्याची प्रतिकृती, पाचमजली पॅगोड्याची प्रतिकृती, प्रचंड ढोल आणि कंदील रवाना झाले. बुद्धाचे धड जळाले व प्रदर्शनात केवळ शिर मांडावे लागले. प्राटर उद्यानात शिंतो देऊळ, पूल आणि बाग उभारण्यात आली. तेथील पुलावरून सम्राट फ्रान्झ योझेफ आणि सम्राज्ञी एलिझाबेथ चालत गेले.

मे महिन्यातील शेअरबाजाराची पडझड आणि त्यानंतरची पटकीची साथ यांमुळे व्हिएन्ना प्रदर्शन आर्थिकदृष्ट्या अपयशी ठरले. २ कोटी प्रेक्षकांच्या अपेक्षेपुढे सुमारे ७२.५ लाखच आले. जपानी विभाग मात्र गाजला. देऊळ व बाग लंडनच्या अलेक्झांड्रा पार्क कंपनीने विकत घेतली. हस्तकलांच्या निर्यातीसाठी १८७४ मध्ये ‘किरित्सु कोशो काइशा’ ही कंपनी स्थापन झाली.

या यशाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. वागनर यांचा सल्ला व्यवहार्य होता. परंतु त्याने जपानची एक प्रतिमा युरोपात पक्की केली. नाजूक, अद्भुत आणि यंत्रयुगापासून दूर असा तो देश होता. प्रत्यक्षात त्याच प्रदर्शनात सानो यांच्यासोबत गेलेली माणसे विणकाम, पेन्सिलनिर्मिती, मापन-उपकरणे, शेती अशा नाना विद्या शिकत होती; उडता धोटा याच पथकाबरोबर जपानमध्ये आला. दालनात भूतकाळ मांडून दालनाबाहेर भविष्यकाळ शिकावयाचा, अशी ही दुहेरी नीती होती. १८७५ मध्ये सिद्ध झालेला ९६ भागांचा अधिकृत अहवाल हे या शिक्षणाचे संचित होय.

तयारीची किंमतही मोजावी लागली. परतीच्या वस्तू घेऊन येणारे ‘नील’ हे फ्रेंच जहाज २० मार्च १८७४ रोजी इझु द्वीपकल्पाजवळ बुडाले आणि त्यावरील जवळजवळ सर्वजण मृत्युमुखी पडले. कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमान देवस्थानातील, होजो मासाकोच्या नावाशी निगडित असलेली लाखकामाची प्राचीन पेटीही त्यात गेली. वारसा जतन करण्याच्या हेतूने सुरू झालेल्या उपक्रमातच वारशाचा एक भाग समुद्रतळाशी गेला.

मुंबईचे दुहेरी नमुने

एकाच वस्तूचे दोन नमुने जमवावेत, एक परदेशी जावा व दुसरा देशात राहावा, ही कल्पना आपल्याकडे अपरिचित नव्हती. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कच्चा माल व कारागिरीच्या वस्तू गोळा झाल्या, तेव्हा त्यांच्या दुय्यम नमुन्यांतूनच मुंबईच्या संग्रहालयाची सुरुवात झाली. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्या संस्थेसाठी पुढाकार घेतला. १८५७ च्या धामधुमीत विस्कटलेला हा संग्रह पुन्हा उभा राहून भायखळ्याच्या वास्तूत १८७२ मध्ये लोकांसाठी खुला झाला. युशिमाचे प्रदर्शनही त्याच वर्षीचे. १९७५ पासून हे संग्रहालय डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते.

बीज सारखे होते. भूमी मात्र निराळी होती. व्हिएन्नात हिंदुस्थानच्या वस्तू ब्रिटनच्या विभागात मांडल्या गेल्या. मुंबईच्या नागरिकांपाशी उत्साह, द्रव्य आणि विद्या होती. मात्र कोणते नमुने का निवडावयाचे, त्यांच्याबरोबर कोणाला शिकण्यासाठी पाठवावयाचे आणि परत आलेल्या ज्ञानाचा कोठे उपयोग करावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. जपानच्याही हाती सर्व सूत्रे नव्हती. जकातीचे पूर्ण स्वातंत्र्य त्याला १९११ मध्येच लाभले. तथापि पाच उद्दिष्टांचा कागद त्याने स्वतः लिहिला होता. १८६२ मध्ये परक्याच्या निवडीतून स्वतःकडे पाहणाऱ्या देशाने दहा वर्षांत ती निवड आपल्या हाती घेतली, हेच व्हिएन्नापूर्वीच्या त्या वर्षाचे खरे फलित म्हणावे लागेल.