बोंबल्या विठोबा

खोपोलीजवळच्या साजगावचा विठोबा ‘बोंबल्या’ म्हणून ओळखला जातो. कार्तिकी एकादशीपासून इथे जत्रा भरते, सुक्या मासळीचा मोठा बाजार लागतो. त्यातल्या बोंबलांवरून हे नाव पडलं, असं म्हणतात. दुसरी कथा तुकोबांची. मिरची विकायला ते घाट उतरून इथे येत. गिऱ्हाइकांनी उधारी थकवली, तेव्हा खुद्द विठोबाने बोंब मारून ती वसूल केली म्हणे. मला बोंबीलच पटतो. साजगाव बोरघाटाच्या पायथ्याशी; किनाऱ्यावरची सुकी मासळी आणि देशावरचं गिऱ्हाईक यांची गाठ इथेच पडणार. शिवाय तुळशीमाळेच्या देवापुढे बोंबील? एखादी सोवळी कथा त्यावर हवीच होती!