चरबीचे गाडगे

वसंत व्याख्यानमालेत चरबी हा काय विषय झाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण कष्टकऱ्याच्या पोटाचा इतिहास पाहावयाचा तर संपांच्या तारखांबरोबर तेलाचा भावही पाहावा लागतो. महारवाड्यात तेल पैसे मोजून आणावे लागे. चरबी वाट्याला येई.

गावात ढोर मेले की ते ओढून नेण्याचे काम महाराचे आणि मांसही त्याचेच, असा गावगाड्याचा रिवाज होता. त्या दिवशी न संपणाऱ्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवीत. पुष्कळ ठिकाणी त्यांना चान्या म्हणतात. छातीचा भाग, ज्याला खाटीक सीना म्हणतात, वाळवावयास अवघड. त्यावर चरबीचा जाड थर असतो आणि चरबी राहिली की वाळलेले मांस खवट होते. म्हणून ती आधी काढावी लागे.

हे काम माझी आजी कसे करी ते मी पाहिले आहे. तेव्हा तिच्यापुढे बाजारातून विकत आणलेले म्हशीचे मांस असे, पण हात जुनाच होता. ती थर बोटाने दाबून पाही. मेणासारखा कडक लागला तर सगळा काढून टाकी. मऊ असेल तर करंगळीच्या जाडीएवढा मांसाला ठेवी. काढलेली चरबी बारीक चिरून गाडग्यात घाली आणि तळाला घोटभर पाणी. पाणी आटेपर्यंत चरबी करपत नाही आणि तेवढ्यात ती सुटू लागते. उरलेले तांबूस, कुरकुरीत तुकडे आम्हा पोरांचे. गाळलेली चरबी गोठली की म्हशीची पांढरी दिसते; गाईची पिवळसर असे, हे आजी सांगे. सीन्याचा स्नायू जनावराचा भार वाहतो, म्हणून चिवट. दोन-तीन तास मंद आचेवर ठेवला म्हणजे त्यातले चिवट धागे विरघळतात आणि रस्सा दाट होतो. वाढला की लगेच खावा. उशीर केला तर चरबी ताटालाच गोठून बसते.

मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडा असे सांगितले. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचे मूळच मेलेल्या गाईच्या मांसाशी जोडले. 15 ऑक्टोबर 1956 रोजी, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, याच नागपुरात केलेल्या भाषणातही मेलेली ढोरे ओढण्याचा विषय त्यांनी टाळला नाही. लोकांनी ते सोडले. गाडगे रिकामे झाले आणि फोडणीचे तेल मजुरीतून आणावे लागले. माणुसकीसाठी भरलेल्या या किमतीचा हिशेब कोणत्याही पुस्तकात मांडलेला मला तरी दिसला नाही.

आता गिरणीकडे या. नागपुरात एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली. जाडेभरडे कापड विणणे हा महारांचा जुना धंदा असल्याची नोंद रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात आहे. कापडगिरण्यांत ताण्याच्या सुताला खळ देतात. नुसत्या पिठाच्या खळीने सूत ताठ होऊन तुटते, म्हणून तिच्यात जनावराची चरबी घालण्याची पद्धत दीर्घकाळ होती. आणि मुंबईत 1928 च्या संपाच्या वेळी परिस्थिती काय? अस्पृश्य कामगाराला विणखात्यात प्रवेश नाही! कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याच्या थुंकीचा इतरांना विटाळ होई. त्याच मागावरचा ताणा चरबीच्या खळीतून आलेला असला, तरी त्याचा विटाळ कोणास झाल्याचे ऐकिवात नाही.

मार्च 2015 पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हशीला ती नाही. त्यामुळे आज नागपुरात सीना घेतला तर त्यावरची चरबी पांढरीच निघते. मी अजून ती बोटाने दाबून पाहतो. थर करंगळीएवढा कशाला, त्याच्या निम्मा पुरे, असे आमच्या घरचे मत आहे.