खंडोबाचा वार आणि गिरणीचा भोंगा

श्रोतेहो, रविवारी सुटी का असते, असे एखाद्या मुलाने विचारले की आपण चटकन सांगून मोकळे होतो, "ती साहेबाची चाल!" हे उत्तर अर्धेच खरे आहे. सरकारी कचेऱ्यांचा रविवार साहेबाच्या चर्चमुळे आला, हे कबूल. परंतु मुंबईच्या गिरणी कामगाराला तो कोणी आपणहून दिला नाही. त्याने तो झगडून मिळवला, आणि त्या झगड्यात जेजुरीच्या खंडोबाचेही नाव होते.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी स्थापन केली. मग एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. कोकणातून आणि घाटावरून माणसे पोटासाठी तिकडे गेली. गावात त्यांच्या कामाला देवाधर्माचा लगाम होता. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, म्हणजे नाही! गिरणीत बैलाला मिळे तेवढीही सवलत माणसाला नव्हती. विजेचे दिवे येण्यापूर्वी उजाडले की यंत्र सुरू व्हायचे आणि मावळले की थांबायचे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. काही सणांना गिरणी बंद राही, पण आठवड्याचा ठरलेला, हक्काचा विश्रांतीचा दिवस नव्हता. १८८१ चा कारखाना कायदा झाला, तो मुलांपुरता. मोठ्या माणसांच्या विश्रांतीविषयी तो मुकाच राहिला.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केलेली होती. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. त्यातल्या मागण्या ऐका: रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई.

रविवारच का? लोखंड्यांचे म्हणणे असे की रविवार हा खंडोबाचा वार. 'साप्ताहिक विश्रांती' हे शब्द खेड्यातून आलेल्या माणसाला परके होते. 'खंडोबाचा वार' म्हटले की मात्र त्याला लगेच उमगे. शिवाय खंडोबा हा धनगरापासून ब्राह्मणापर्यंत अनेकांचे कुलदैवत. कित्येक मुसलमानही त्याला मल्लूखान म्हणून भजतात. अशा देवाच्या नावाने केलेली मागणी एका जातीची राहत नाही. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

तथापि, शिक्षकबंधूंनो, एवढ्यावर धडा संपवू नका. कामगाराबरोबर गिरणीत नुसता देव आला नाही, शिवाशिवही आली. दसऱ्याला यंत्रांना झेंडूच्या माळा चढत, नारळ फुटत. परंतु विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नसे. मागावरच्या धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाची लाळ लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा, ही सबब! विणकामात पगार जास्त मिळे, हेही ध्यानात घ्या. म्हणजे विटाळाच्या नावाखाली चांगल्या मजुरीची वाट अडवली जात होती. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच अन्यायावर बोट ठेवले. कामगारांची एकजूट हवी, तर धोट्यापाशी भेद का, असा तो रोकडा सवाल होता.

खंडोबाच्या नावाने हजारो माणसे एका मागणीमागे उभी राहिली, आणि विटाळाच्या नावाने तीच माणसे एका छपराखाली वेगळी पडली. दोन्ही गोष्टी धर्माच्याच नावाने घडल्या. फरक पडला तो हेतूने. एका ठिकाणी श्रमणाऱ्याला विसावा द्यायचा होता, दुसऱ्या ठिकाणी त्याचा घास अडवायचा होता.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या बहुतेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या, भोंगे थांबले. रविवार मात्र राहिला. येत्या शनिवारी शाळा सुटताना मुलांना एवढे जरूर सांगा, की उद्याची सुटी कोणी फुकट दिलेली नाही. आणि आपल्या गावात अजून कोठे एखादा 'धोटा' कुणाला हात लावू दिला जात नाही, तेही त्यांना शोधायला लावा.