काळीच्या खाली

मराठी वाचकाला गावाच्या दोन माती पाठ आहेत : वस्तीची पांढरी आणि शेतीची काळी. आमच्या ग्रामीण साहित्याचे पुष्कळसे विश्व या दोहोंत मावते. काळीच्याही खाली काय आहे, हे समीक्षेने क्वचितच विचारले. प्रभाकर पाचपुते या शिल्पकाराची सारी निर्मिती मात्र याच प्रश्नावर उभी आहे.

पाचपुते यांचा जन्म १९८६ चा, चंद्रपूर जिल्ह्यातील सास्तीचा. वर्धा खोऱ्यातील तेथील गोंडवन खडकांत पंचवीस कोटी वर्षांहून जुना कोळसा आहे. कुटुंबाच्या तीन पिढ्या खाणीत राबल्या आणि जमीनही खाणीतच गेली. जिने शेत गिळले तिनेच मजुरी दिली. म्हणूनच या शिल्पांतला सूर निव्वळ संतापाचा नाही, आणि त्यांना केवळ निषेधकला म्हणणे आम्हाला अपुरे वाटते.

आमच्या शिल्पपरंपरेत भूमी बहुधा चौथऱ्यापुरती आली. म्हात्रे यांची १८९६ ची ‘मंदिरपथगामिनी’ घ्या किंवा करमरकरांचा १९२८ चा पुण्यातील अश्वारूढ शिवाजी. दोन्ही थोर कृती, पण पायाखालची जमीन तेथे मुकी आहे. खैरागढ व बडोदा येथे शिल्पकला शिकलेल्या पाचपुते यांनी २०१२ साली मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे प्रदर्शन मांडले, तेव्हा जमीनच पात्र झाली. माणसांच्या धडावर डोक्याऐवजी दिवे व अवजारे आली.

साधनही पाहावे. त्यांची भिंतचित्रे लाकडी कोळशाची, विषय दगडी कोळशाचा. मराठी दोहोंना कोळसाच म्हणते, आणि भाषेचे हे म्हणणे खोटे नाही : एक हवा तोडून जाळलेले झाड, दुसरे युगानुयुगे दडपलेले रान. प्रदर्शन संपले की अशी भिंत पुसली जाते. काढून घेतलेल्या जमिनीविषयीची कला स्वतःही जागेवर हक्क सांगत नाही, हे आम्हाला विशेष वाटते.

२०१८ साली कोची येथे त्यांनी शेतकऱ्यांच्या मोर्चांना रूप दिले; २०२१ चा आर्टेस मुंडी पुरस्कार सहा कलावंतांत विभागला गेला, त्यांत ते होते; २०२२ साली व्हेनिसलाही त्यांची कृती होती. ही यादी येथेच पुरे.

आमच्या निमगाव केतकीच्या शिवाराखाली कोळसा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण, त्यावर काळी, तीवर पानमळे, आणि आषाढवारीत तुकोबांच्या पालखीचा मुक्काम. परंतु याच इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावे १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीच्या पाण्याखाली गेली. तेथे जमीन खणून गेली, येथे बुडून. धरण आटले की पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ वर येते आणि लोक छायाचित्रे काढायला जमतात. देवळाभोवतीच्या गाळात घरांची जोती असतात, पांढरीची. त्या जोत्यांकडे पाहणारे शिल्प आमच्या पाहण्यात अजून नाही, कादंबरीही नाही.